हिरव्या ओढगाडीचा उन्हाळा

मित्रांनो, अशी कल्पना करा, की तुम्हाला चार चाके आहेत आणि तरीही आपणहून जागचे हलता येत नाही. समोर गॅरेजचे दार आहे. दाराखालच्या फटीतून उजेडाची एक पट्टी आत येते आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राहते. बाहेर मोटार थांबली की वाटते, आले कोणीतरी न्यायला. पावले जवळ येतात, सायकल किंवा झाडू उचलतात आणि निघून जातात. मागचा सगळा उन्हाळा मी असा काढला.

मी एक जुनी ओढगाडी आहे. लोखंडी सांगाड्यावर हिरवे कापड ताणलेली, घडी घालता येणारी, पुढे लांब दांडा असलेली. विस्कॉन्सिनमधल्या आमच्या नदीकाठच्या गावात शनिवारी सकाळी फुटबॉलच्या मैदानावर आलात, तर माझ्यासारख्या पुष्कळ जणी दिसतील. बॉलचे जाळे, पाण्याच्या बाटल्या, घडीच्या खुर्च्या, संत्र्याच्या फोडींचा डबा, दाताखाली कुईकुई वाजणाऱ्या ताज्या चीजची पिशवी आणि सगळ्यांत वर कोणाचे तरी पेंगुळलेले धाकटे भावंड. एवढे सगळे घेऊन आम्ही ओल्या गवतातून जातो.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, ते मला आठवत नाही. आठवतात ते खोक्यातले अंधारे दिवस. मग एका सकाळी मॅरेन हाल्वोर्सनने खोके फाडले. तिच्या मुलाचा, नील्सचा, त्या दिवशी पहिला सामना होता आणि तिला घाई होती. माझे पुढचे डावे चाक तिने उलटे बसवले. तेव्हापासून ते चाक चिमणीसारखे चिवचिवते आणि मी चालताना जराशी डावीकडे ओढते. कितीदा कोणीतरी म्हणाले, "मॅरेन, ते चाक सरळ कर ना." पण शनिवार आला की घाईही आलीच.

नील्सची ती वर्षे फार सुखाची होती. त्याच्या संघात सगळी त्याच्याच वर्गातली मुले होती. सामना जिंकला तरी आणि हरला तरी ती माझ्यात एकावर एक उड्या मारत. माझे कापड दोनदा फाटले आणि मॅरेनने ते मासेमारीच्या दोऱ्याने शिवले.

मग एक बदल झाला. तो तुम्हाला नीट सांगायला हवा. एका वर्षात जन्मलेली मुले एका संघात खेळतात. पण ते वर्ष मोजायचे कुठून? आधी ते ऑगस्टपासून मोजत. शाळेचे वर्गही साधारण तसेच ठरत, म्हणून वर्गमित्र तेच संघमित्र. मोठ्या माणसांनी ठरवले, की आता जानेवारीपासून मोजायचे. त्यांची काही कारणे असतील. मला ती कोणी सांगितली नाहीत. नील्सचा जन्म ऑक्टोबरचा. नव्या मोजणीत तो एकदम वरच्या वर्गातल्या मुलांच्या संघात गेला. थोडे दिवस मी त्याच्याबरोबर गेले. एके दिवशी त्याने बूट काढून माझ्यात टाकले आणि तो पुन्हा खेळला नाही. पुढे मी बागेतला पालापाचोळा वाहिला, शेगडीची लाकडे वाहिली आणि एकदा पाय मोडलेला शेजाऱ्यांचा कुत्राही वाहिला.

मला पुन्हा मैदानावर नेले ते नील्सच्या धाकट्या बहिणीने, ब्रिटाने. तिचा जन्म सप्टेंबरचा, त्यामुळे तीही थोराड मुलींच्या संघात पडली. संघाचे नाव 'निळे बगळे'. पहिल्या दिवशी ती मोटारीतून उतरेना. उतरली ती सरळ माझ्यात येऊन बसली आणि माझ्या कापडात तोंड खुपसून रडू लागली. तेव्हा पाकू व्हँग नावाची, दोन दात पडलेली एक मुलगी समोर येऊन उभी राहिली.

"तू चालणार नाहीस का?" पाकूने विचारले.

"नाही."

"बरं. मग घट्ट धर."

तिने माझा दांडा उचलला आणि ब्रिटासकट मला घेऊन मैदानाला पळत फेरी मारली. माझे चाक चिवचिवले, सगळ्या मुली मागे धावल्या, वळणावर आम्ही उलटलो, आणि ब्रिटा हसत उठली. त्या दिवसापासून बगळ्यांची रीतच पडली. संघात कोणीही नवीन आली की तिला माझ्यात बसवायचे, एक फेरी मारायची, मगच बॉलला पाय लावायचा. मित्रांनो, मला आजवर कोणी बक्षीस दिले नाही. पण त्या फेऱ्यांच्या वेळी मैदानावरचे सगळे जण माझ्याकडे बघत, आणि मला ते फार आवडे.

माझे घरही फिरते झाले. ज्या घराची खाऊ आणायची पाळी, त्या घरी मी आठवडाभर राहायची. पाकूच्या आजीने माझ्यातून कोथिंबीर आणि मिरच्या बाजारात नेल्या आहेत. अजूनही ऊन तापले की माझ्या कापडाला तो वास येतो.

या वसंतात, हंगामाच्या शेवटच्या सामन्यानंतर, कोच रोझानाने सगळ्यांना गोल बोलावले. पुढच्या हंगामात वर्ष पुन्हा ऑगस्टपासून मोजायचे, ती म्हणाली.

पाकूच्या बाबांनी डोक्यावरची टोपी काढली. "ऑगस्टचं जानेवारी, जानेवारीचं परत ऑगस्ट. अहो, कुणीतरी त्यांना एक कॅलेंडर भेट द्या!"

"माझ्यावर नका ओरडू," कोच म्हणाली. "मीच हा संघ बांधला आणि मलाच तो मोडायला सांगतायत."

मॅरेन चीजची पिशवी उघडता उघडता म्हणाली, "नील्सला वर फेकला. आता ब्रिटाला खाली. माझ्या मुलांनी करायचं तरी काय? जन्म पुढेमागे करून घ्यायचा?"

"अगं, हिच्यासाठी चांगलंच आहे," एका मुलीची आई म्हणाली. "आपल्या वर्गातल्या मुलींबरोबर खेळेल. तिकडे हीच सगळ्यांत मोठी, हीच सगळ्यांत उंच."

"मला नाही उंच व्हायचं," ब्रिटा म्हणाली.

कोणी हसले, कोणी नाही. पाकूचा जन्म मार्चचा, म्हणून ती जागच्या जागी राहणार होती. ब्रिटासारख्या शरद ऋतूत जन्मलेल्या आणखी दोघी होत्या. एक म्हणाली, आता व्हॉलीबॉल. दुसरीला तिच्या घरच्यांनी शेजारच्या गावातल्या क्लबात घातले. उरली एकटी ब्रिटा.

मग कोणीतरी विचारले, "आणि गाडीचं काय?"

"गाडी हाल्वोर्सनांची. त्यांच्याकडे जाईल."

"पण रीत तर बगळ्यांची ना?"

"गाडी बगळ्यांकडेच राहू दे," ब्रिटा मध्येच म्हणाली. "सराव सुरू झाला की आणून देते. मला लागणार नाही."

मॅरेनचा हात पिशवीतच थांबला. नील्सनेही असेच, इतक्याच सहज सांगितले होते. ते तिला आठवले असणार. मला तर आठवलेच.

तेव्हापासून मी गॅरेजमध्ये होते. ब्रिटा दोनदा आली. एकदा तिने भिंतीवर बॉल मारला, पुन्हा मारला, पुन्हा मारला, आणि मग बॉल माझ्यात ठेवून पाठ न वळवता मागे मागे चालत गेली. दुसऱ्या वेळी बॉल उचलला, हातात फिरवला आणि परत ठेवला. ती जाताना दार अर्धे उघडेच राहिले. वारा माझ्या चाकांशी खेळत होता आणि मी जागच्या जागी कुरकुरत होते. निघायचे आहे की राहायचे आहे, हे तिला कळत नव्हते, आणि तिला कळल्याशिवाय मला कळणार नव्हते.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी नील्सने मला घडी घालून मोटारीत मागे टाकले. आता तो मोठा झाला आहे, सुताराच्या हाताखाली काम करतो आणि बहिणीला शेंगदाणा म्हणतो.

"नक्की नाही खेळायचं?" त्याने शेजारी बसलेल्या ब्रिटाला विचारले.

"नाही. गाडी देते, कोचला सांगते आणि येते. तू इंजिनसुद्धा बंद करू नकोस."

"मग बूट कशाला घातलेस?"

"चपला सापडल्या नाहीत."

नील्स हसला. थोड्या वेळाने म्हणाला, "मी पण असाच सोडून आलो होतो."

"मग? तुझं काय बिघडलं?"

"एक सांगू का, शेंगदाण्या? त्या नव्या संघात मी नुसता रेषेवर उभा असायचो. रोज वाटायचं, आज कुणीतरी म्हणेल, ए, ये इकडे."

"वाईट होती ती मुलं."

"नव्हती गं. त्यातला एक आता माझ्याबरोबर कामाला आहे. परवा म्हणाला, आम्हाला वाटायचं तुला आम्ही आवडत नाही. तूच येऊन बोलशील म्हणून आम्ही थांबलो होतो." नील्सने वळण घेतले. "ते थांबले, मी थांबलो. आणि हंगाम संपला."

ब्रिटा खिडकीची काच वर खाली, वर खाली करत राहिली.

मैदानाजवळ तिने माझी घडी उलगडली. मोठे मैदान डावीकडे, नदीच्या बाजूला. धाकट्यांचे उजवीकडे, शेडच्या मागे. ब्रिटा आणि मी इतकी वर्षे डावीकडेच वळत आलो होतो. तिने पाहिलेही नाही, मीही जरा ओढले, आणि आम्ही बगळ्यांच्या रेषेशी पोचलो. तिथे पिशव्यांची रांग लागली होती. ब्रिटा सवयीने पाकूच्या पिशवीशेजारी आपली पिशवी ठेवायला वाकली. तिथे दुसरीच पिशवी होती. जांभळी.

ब्रिटा तशीच वाकलेली राहिली.

"आलीस!" पाकू धावत आली. तिने ब्रिटाला मिठी मारली आणि मग तिच्या खांद्यावरची पिशवी पाहिली. "आज तुमचा पण सराव आहे ना? तिकडे?"

"मी गाडी द्यायला आलेय."

"बरं झालं! ही आमच्याकडे नवीन आलीय, अजून हिची फेरी व्हायचीय." पाकूने मागे उभ्या असलेल्या एका मुलीला पुढे ओढले. जांभळी पिशवी तिचीच असावी. ती ब्रिटाकडे बघून घाबरत हसली आणि माझ्यात बसली. बगळे ओरडले, पाकूने दांडा धरला, आणि मी निघाले.

मित्रांनो, ती फेरी मला आवडली नाही, असे मी खोटे सांगणार नाही. उन्हाळाभर थांबलेली चाके होती ती! पण फेरी मारताना रेषेवर उभी असलेली ब्रिटा मला दिसत होती. ती बगळ्यांकडे बघत नव्हती. शेडच्या मागच्या लहान मैदानाकडे बघत होती. तिथे मुली लांब लांब उभ्या होत्या. काही जणी ब्रिटाच्या वर्गातल्या होत्या, काही दुसऱ्या शाळेतल्या, आणि एक तर इतकी लहान दिसत होती, की तिचे मोजे गुडघ्याच्याही वर गेले होते. सगळ्या जणी आपापल्या बुटांकडे पाहत होत्या. मोठ्यांनी तारीख बदलली, की ती कागदावर एका दिवसात बदलते. मुले मात्र रेषेवर उभीच राहतात, कोणीतरी बोलवेल म्हणून. तुमच्या शाळेत, तुमच्या मैदानावर कोणी असे उभे दिसले, तर त्याच्या आधी तुम्ही हला. माझ्यासारख्या गाडीला आपणहून हलता येत नाही. तुम्हाला येते.

फेरी संपली. पार्किंगमध्ये नील्सच्या मोटारीचे इंजिन अजून चालू होते.

"पाकू, गाडी थोडा वेळ नेऊ?" ब्रिटाने विचारले.

पाकूने शेडच्या मागे पाहिले, मग ब्रिटाकडे. "थोडा वेळ कशाला?" ती म्हणाली. "आम्हाला लागली तर आम्ही मागायला येऊ तुमच्याकडे. पण ते चाक नको हं सरळ करू. चिवचिवाट ऐकू आला नाही, तर तू कुठे आहेस ते कसं कळणार?"

तिने दांडा ब्रिटाच्या हातात दिला. ब्रिटाने माझ्यात पिशवी टाकली आणि मला उजवीकडे वळवले. मी सवयीने डावीकडे ओढत होते. तिने दोन्ही हातांनी जोर लावला. लहान मैदानावर पोचलो तेव्हा माझ्या आवाजाने सगळ्यांनी माना वर केल्या होत्या. ब्रिटा मोठ्या मोज्यांच्या मुलीसमोर थांबली.

"नाव काय तुझं?"

"टिली."

"बस यात."

"का?"

"नवीन आहेस ना? नवीन आली की फेरी असते."

टिलीने मला निरखून पाहिले. "मग तूही नवीनच आहेस. तू नाही बसणार?"

"मी बसलेय आधी," ब्रिटा म्हणाली. "आता घट्ट धर."

पार्किंगमधले इंजिन बंद झाल्याचे मी ऐकले. मग मला दुसरे काही ऐकू आले नाही, कारण ब्रिटा पळत सुटली होती, माझे चाक चिवचिवत होते आणि टिली किंचाळत होती. वळणावर आम्ही जवळजवळ उलटलो. फेरी पुरी झाली तेव्हा लांब लांब उभ्या असलेल्या मुली जवळ आल्या होत्या. ब्रिटाने धापा टाकत टिलीला उतरवले, कपाळावरचे केस मागे सारले, आणि दांडा न सोडताच विचारले,

"पुढची कोण?"