चार बोटं खिडकी

खराडीत, दहाव्या मजल्यावर, जिथे भर डिसेंबरातही पंखा एकवर ठेवल्याशिवाय कुणाला झोप लागत नाही, अशा घरात अर्णव गोडबोलेने फायरप्लेस बसवायचं ठरवलं. का, तर कंपनीने त्याला दोन वर्षं अमेरिकेला पाठवलं होतं आणि तिथल्या घरमालकाकडे ती होती. तिथे दाराबाहेर गुडघाभर बर्फ असायचं, हा तपशील मात्र येताना त्याने तिकडेच ठेवला. बॅगेचं वजन वाढलं असतं.

"अरे वा," त्याचे वडील यज्ञेश्वर म्हणाले. "त्या घरमालकाकडे बर्फ उपसायचं फावडंही असेल ना? तेही मागवून घे. बाल्कनीत टेकवून ठेवू. कधी पडलंच खराडीत, तर धावाधाव नको."

अर्णव खो खो हसला. सून वल्लरी हसली. तीन वर्षांची नात मैना, सगळे हसतात म्हणून हसली. आणि दुसऱ्या दिवशी अर्णव फायरप्लेसची ऑर्डर देऊन आला.

यज्ञेश्वररावांचं आयुष्यभराचं दुखणं हेच होतं. आडनाव गोडबोले, आणि जिभेवर गोड म्हणाल तर औषधाला नाही. सरळ वाक्य त्यांना यायचंच नाही हो! पोटात कळ आली तरी ती तिरकी होऊनच तोंडातून बाहेर पडायची. पेठेतल्या शाळेत भूगोल शिकवायचे तेव्हा पोरं मधल्या सुटीत त्यांच्या नकला करायची. नारायण पेठेतल्या घराच्या दारावर त्यांनी पाटी लावली होती : "बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही. दार उघडलं नाही, म्हणजे उघडायचं नाही." येणारा माणूस ती पाटी वाचायचा, पोट धरून हसायचा आणि दोनदा बेल वाजवायचा.

ती इमारत पाडून नवी बांधायला घेतली, तेव्हा यज्ञेश्वर आणि त्यांची बायको आनंदी मुलाकडे खराडीला आले. पाटी पेठेतच राहिली. स्वभाव तेवढा टेम्पोत चढला.

तर फायरप्लेस. गॅस जळला की त्याचा वायू बाहेर न्यायला नळी लागते आणि नळीला भिंतीत भोक लागतं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, दर्शनी भिंतीला भोक पाडता येणार नाही, एलेव्हेशन बिघडतं. त्याच दर्शनी भिंतीवर सेक्रेटरींचे तीन लेंगे वाळत होते, पण लेंगे एलेव्हेशनमध्ये बसत असावेत. मग दुकानदाराने अर्णवला बिननळीचं मॉडेल सुचवलं. भिंतीला भोक नाही, सेक्रेटरींना त्रास नाही. जगात प्रत्येक अडचणीवर दुकानदाराकडे एक मॉडेल असतं.

बसवायला आलेला मनुष्य टाय लावून आला होता आणि त्याला पुढच्या घरी जायची घाई होती. त्याने पाइपच्या गॅसची जोडणी केली, साबणाचं पाणी लावून गळती तपासली, आणि पाठ केल्यासारखं म्हणून टाकलं, "सर, हे रूममधलीच हवा घेतं आणि रूममध्येच सोडतं. सो ही विंडो चार बोटं ओपन पाहिजे. मस्ट आहे. बंद ठेवली तर जो गॅस साठतो त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला नुसती झोप येते. मग उठत नाही. हा अलार्म लावलाय, गॅस साठला की ओरडेल. इथे सही करा."

अर्णव तेव्हा फोटोसाठी कोन शोधत होता. ऐकलं ते एकट्या यज्ञेश्वररावांनी. समोरच्याचं बोलणं ते नेहमीच कान देऊन ऐकत, चूक काढायला बरं पडतं म्हणून. या वेळी चूक सापडली नाही. दर हिवाळ्यात पेपरात कोपऱ्यात बातमी यायचीच, बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांची. त्यांची नजर आनंदीबाईंकडे गेली. संधिवाताने बाईंचे गुडघे धरलेले. या जाळासमोर सगळ्यात जवळ खुर्ची कुणाची असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि आजीची मांडी म्हणजे मैनेची गादी.

हे सगळं मनात आलं. तोंडातून काय आलं?

"म्हणजे थंडी वाजते म्हणून बंब पेटवायचा, आणि बंब पेटवला म्हणून खिडकी उघडून थंडी आत घ्यायची. छान! आमचा पेठेतला बंब निदान आंघोळीचं पाणी तरी तापवायचा."

झालं. सगळे हसले. टायवालासुद्धा.

तरी त्यांनी स्वतः बसून पाटी केली. ठळक अक्षरांत लिहून त्या खिडकीच्या काचेवर चिकटवली : "बंब पेटवताना ही खिडकी चार बोटं उघडी ठेवावी. न ठेवल्यास गाढ झोप लागेल. पुन्हा जाग येण्याची हमी बंब देत नाही. आम्हीही देत नाही."

"बाबा, यू आर टू मच!" म्हणत वल्लरीने पाटीचा फोटो काढला आणि मैत्रिणींना पाठवून दिला. तासाभरात शंभरेक लोकांनी ती वाचली. त्यांच्यापैकी एकाच्याही घरी बंब नव्हता, हा भाग वेगळा.

पुढच्याच आठवड्यात राहून गेलेली वास्तुशांत उरकून घेतली. गुरुजींनी होम पेटवला, तुपाची धार सोडली, खोलीत धूर दाटला, आणि भिंतीवरचा अलार्म असा काही किंचाळला की गुरुजींच्या हातातली पळी ताम्हनात पडली. "आधी ह्याला शांत करा," गुरुजी म्हणाले, "मग वास्तूचं बघू." अर्णवने स्टुलावर चढून अलार्ममधले सेल काढले. टीव्हीच्या रिमोटचे सेल नेमके संपलेले, त्यात ते चपखल बसले. त्या घरात रिमोट बंद असणं हे कुठल्याही वायूपेक्षा घातक होतं.

"उत्तम," यज्ञेश्वर म्हणाले. "आता मेलो तरी मालिका चुकणार नाही."

पुन्हा हशा. अर्णव म्हणाला, नवे सेल ऑनलाइन मागवतो. मागवले नाहीत. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे ते मिळत होते आणि यज्ञेश्वर रोज त्याच्या दारावरून फिरायला जात. पण एकदा टोमणा मारला की आपलं काम झालं, असा या माणसाचा पक्का समज. सेल आणणं हे टोमणा खाणाऱ्याचं काम.

डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी अर्णवच्या ऑफिसची मंडळी जेवायला आली. फायरप्लेस बघायलाच बोलावली होती म्हणा. सात वाजता मुळा-मुठेवरचे डास आपली हजेरी लावायला निघाले आणि रिवाजाप्रमाणे वल्लरीने घरातली एकूण एक खिडकी लावून घेतली. पाटीचीसुद्धा. पाटी काचेच्या आतून छान वाचता येत होती.

"वल्लरी, ती एक राहू दे," यज्ञेश्वर म्हणाले.

"अहो बाबा, डास येतात!"

"डास चावला तर माणूस खाजवतो. खाजवायला जिवंत असावं लागतं."

"अंकल, सॉलिड!" कुणीतरी ओरडलं, आणि पाहुण्यांनी टाळ्या दिल्या. मग एकेक जण पाटीशेजारी उभा राहून फोटो काढू लागला. खिडकी बंदच.

बंब पेटला. खोटी लाकडं, खऱ्या ज्वाळा. मंडळींनी 'वॉव' म्हणून घेतलं. आनंदीबाई गुडघे शेकत पुढच्या खुर्चीत बसल्या, मांडीवर मैना. यज्ञेश्वर मऊ सोफ्यात रुतले होते. चार बोटं खिडकी आपणच उठून उघडावी असं त्यांच्या मनात येत होतं, पण सुनेने चारचौघांत लावलेली खिडकी सासऱ्याने उघडायची, म्हणजे उगाच तमाशा. जेवायला बसले की उघडू, असं त्यांनी ठरवलं. जेवण लांबलं.

काचांवर बाष्प धरलं. एका मुलीने त्यावर बोटाने बदाम काढला. "किती कोझी वाटतंय ना," ती म्हणाली आणि तिने जांभई दिली. तिला पाहून दुसऱ्याने दिली. अर्णवचा बॉस म्हणाला, आज मस्त झोप लागणार. हसून म्हणाला तो! यज्ञेश्वररावांचं कपाळ ठणकत होतं. आनंदीबाईही बोटांनी कपाळ चोळत होत्या. आणि रोज अकरा वाजेपर्यंत घर डोक्यावर घेणारी मैना, पाहुण्यांनी भरलेल्या घरात, आजीच्या मांडीवर हात लोंबते सोडून गाढ झोपली होती.

ते लोंबते हात यज्ञेश्वररावांनी पाहिले.

"अर्णव, खिडकी उघड."

"हो बाबा, दोन मिनिटं."

"दोन मिनिटं नाहीत. उघड."

"आता कसली पाटी लावताय, अंकल?" बॉसने विचारलं.

"मी गंमत करत नाहीये!"

आणि काय सांगावं, त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा या वाक्याला पिकला. "काय टायमिंग आहे!" म्हणत एकीने व्हिडिओ काढायला फोन वर धरला. यज्ञेश्वर उठायला गेले. पायांनी ऐकलं नाही. गुडघ्यांत कापूस भरल्यागत ते परत सोफ्यात बसले, आणि लोकांना तीही नक्कलच वाटली. जन्मभर लोकांना हसवलं, आता ही माणसं हसत हसत मरणार आणि माझी नात त्यांच्याआधी, असं त्यांना स्पष्ट दिसलं. रडू आलं त्यांना. घशातून एकच शब्द निघाला.

"आनंदी."

आनंदीबाईंची मान झटक्यात वळली. लग्न झाल्यापासून हा माणूस 'अगं' म्हणत आला होता, 'ऐकलंस का' म्हणत आला होता, रागावला की 'बाईसाहेब' म्हणायचा. नाव त्याने एकदाच घेतलं होतं. अर्णवच्या वेळी डॉक्टरांनी आशा सोडली होती तेव्हा, खाटेशी उभं राहून.

"का, कशाला" काही नाही. बाई उठल्या. जिना चढायचा म्हटलं की 'आई गं' करणारे गुडघे, त्यांना त्या क्षणी विचारलंच नाही. मैनेला खांद्यावर टाकलं, एका हाताने पाटीची खिडकी सरकवली, चार बोटं नव्हे, पार टोकापर्यंत. मग बाल्कनीचं दार. मग वाकून बंबाची चावी फिरवली.

"अहो आई, डास—" वल्लरी म्हणाली.

"येऊ देत मेले!" आनंदीबाई गरजल्या आणि नातीला घेऊन बाल्कनीत गेल्या.

मैना उठेना. त्यांनी गालांवर चापट्या मारल्या, तळपाय चोळले, नावाने हाका मारल्या. आत हसणं विझलं होतं. व्हिडिओवाली मुलगी उभी राहायला गेली आणि भिंतीला धरून खाली बसली, तेव्हा कुठे मंडळींच्या डोक्यात प्रकाश पडला. वल्लरी किंचाळत बाल्कनीकडे धावली. गार वारा सुटला होता. बऱ्याच वेळाने मैनेने आजीच्या खांद्यावर भडाभडा ओकारी काढली आणि भोकाड पसरलं. गळा ताणून, लाल होऊन, इमारतीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. इतकं गोड रडणं त्या घराने कधी ऐकलं नव्हतं.

सगळी वरात दवाखान्यात गेली. मैनेला प्राणवायू लावला. डॉक्टर म्हणाले, वाचली, वेळेवर हवा मिळाली. मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "घरात अलार्म नव्हता का?"

"होता," अर्णव म्हणाला.

"मग?"

"सेल रिमोटमध्ये आहेत."

या वाक्यावर कुणीही हसलं नाही.

बाहेर बाकावर यज्ञेश्वर आणि आनंदीबाई बसून राहिले. यज्ञेश्वररावांचा फोन वाजला. शाळेतल्या एका जुन्या सहकाऱ्याने, कोथरूडहून, एक फोटो पाठवला होता. खिडकी, काचेवर बाष्प, पाटी, आणि पाटीशेजारी अर्णवचा बॉस अंगठा वर करून. खाली लिहिलं होतं, "पुणेरी पाट्यांचा नाद नाही करायचा! कुणाची असेल हो ही?" आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. फोटोतली खिडकी बंद होती. यज्ञेश्वररावांनी फोन उपडा करून बाकावर ठेवला.

"आज नावाने हाक मारलीत," आनंदीबाई म्हणाल्या.

उत्तर जिभेवर तयार होतं. चांगलं होतं, नक्की हशा मिळाला असता. त्यांनी ते गिळलं. गिळायला वेळ लागला.

"घाबरलो होतो गं," ते म्हणाले.

"ठाऊक आहे," आनंदीबाई म्हणाल्या. "म्हणून तर उठले."