सिस्टरांचं अस्वल

"काकू, तुमचं नाव या यादीत नाही," मराठी टूर कंपनीच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली. "तुम्हा दोघांच्या नावावर शहरातली बसफेरी दिसतेय."

"अहो, अस्वलांची फेरी घेतली होती आम्ही. परवाच मी फॉर्म भरून यांच्या हाती पाठवलाय."

मुलगी फाइल चाळू लागली. बोट उद्या सकाळी बंदराला लागणार होती आणि सिस्टरांच्या मागे सात-आठ माणसं ताटकळली होती.

चौतीस वर्षं इस्पितळात काढल्यामुळे शेजारीपाजारी, दुकानदार, फार काय त्यांचा जावईसुद्धा त्यांना सिस्टरच म्हणे. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेकीने आईवडलांना उत्तरेच्या समुद्रातल्या या क्रूझवर पाठवलं होतं. बोटीवर आल्यापासून सिस्टर एकच माहितीपत्रक वाचत होत्या. अस्वलं बघायच्या तीन फेऱ्या होत्या. एका फेरीत छोट्या विमानातून तळ्यावर उतरायचं. ते पोट ढवळून काढणार. दुसरीत होडीतून किनाऱ्यालगत जायचं. तिथून अस्वल म्हणजे दुर्बिणीतला ठिपका. तिसरीत जंगलातून चालत जाऊन ओढ्याकाठच्या लाकडी मचाणावर उभं राहायचं. ओढ्यात सॅमन मासे चढतात, माशांमागे अस्वलं येतात. येतीलच असं मात्र कुणी लिहून देत नाही. सिस्टरांनी ही तिसरी निवडली. "अस्वलाचं एवढं काय घेऊन बसलीस?" असं लेकीने फोनवर विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "अगं, महिनोन्‌महिने झोपतं ते. बाळंतपणसुद्धा गुंगीत उरकतं. आणि कुणी उठवायला येत नाही." आयुष्यभर रात्रपाळ्या केलेल्या बाईला यात हेवा वाटण्यासारखं पुष्कळ होतं.

"हा बघा तुमचा फॉर्म," मुलगी म्हणाली. "खडबडीत वाटेवर चालता येतं का, तर नाही. दोन तास उभं राहता येतं का, तर नाही. खाली कारण लिहिलंय, गुडघेदुखी. असं असलं की आम्ही नाव आपोआप बसफेरीत टाकतो."

सिस्टरांनी चष्मा नाकावर नीट बसवला. अक्षर यजमानांचं होतं, तिरपं आणि मोत्यासारखं. हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी अक्षर मोडलं नव्हतं, हात कापायला लागल्यापासून वेळ तेवढा जास्त लागे. त्यांनी फॉर्म परस्पर बदलला याचं सिस्टरांना फारसं नवल वाटलं नाही. त्यांची नजर खिळली होती खालच्या सहीवर. सही हुबेहूब त्यांची होती. शेवटच्या अक्षरावरून मागे ओढलेली रेघसुद्धा होती. फक्त ती त्यांनी केलेली नव्हती.

एवढी हुबेहूब सही एका दिवसात बसत नाही.

बावीस वर्षांपूर्वी त्यांना मेट्रनची बढती आली होती, दुसऱ्या गावी. ऑर्डरची वाट बघत त्यांनी दोन महिने काढले आणि मग कळलं, जागा दुसऱ्याच बाईला गेली. आस्थापना शाखेतला कारकून म्हणाला, "सिस्टर, तुम्हीच नकार कळवलात. तुमच्या सहीचं पत्र आहे." त्यांनी त्याला भर ऑफिसात खोटारडा म्हटलं. पैसे खाऊन दुसरीची वर्णी लावलीस, असंही म्हटलं. तो बिचारा पत्र शोधायला आत गेला होता, पण सिस्टर थांबल्या नाहीत. निवृत्त होईपर्यंत त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. त्याच्या अंत्ययात्रेला सगळं इस्पितळ गेलं, त्या गेल्या नाहीत.

"काकू, तिसऱ्या फेरीत एकच जागा आहे," मुलगी म्हणाली. "काकांचं काय करू?"

"त्यांची बसच राहू दे."

कोरा फॉर्म घेऊन त्यांनी सगळ्या प्रश्नांना होय लिहिलं. मग खाली स्वतः सही केली.

हेडक्लार्क डेकवर खुर्चीत बसले होते, मांडीवर ब्लँकेट घेऊन. सिस्टर शेजारी बसल्या.

"माझे गुडघे कधीपासून दुखायला लागले?"

त्यांनी समुद्रावरची नजर काढली नाही. "म्हणजे कळलं तर. अगं, मला झेपणार आहे का तो चढ? आणि तू गेल्यावर मी काय करायचं? शर्टाचं बटण लागत नाही माझ्याच्यानं."

"तसं मला म्हणायचंत ना."

"म्हटलं असतं तर तोंड फुगवून बसली असतीस. त्यापेक्षा परस्पर मिटलेलं बरं."

"मेट्रनचं पण परस्परच मिटवलंत?"

यावर ते दचकतील, निदान कानावर हात ठेवतील असं सिस्टरांना वाटलं होतं. त्यांनी ब्लँकेट थोडं वर ओढलं.

"आई अंथरुणाला खिळलेली. तिला कोण बघणार होतं? मी?"

"तो माणूस मेला. मी त्याला चोर म्हणाले होते."

"ते तू म्हणालीस. मी नव्हतं सांगितलं म्हणायला." मग समजुतीच्या सुरात, "बावीस वर्षांपूर्वीची मढी आता कशाला उकरतेस? कधी विचारलं असतंस तर सांगितलं असतं मी. तू विचारलंच नाहीस."

सिस्टर उठल्या. त्यांना वाटलं आपल्याला रडू येईल, पण आलं नाही. चहाची वेळ झाली होती. त्यांनी दोन कप आणले आणि यजमानांचा कप अर्धाच भरला, सांडू नये म्हणून.

सकाळी त्यांनी यजमानांच्या शर्टाची बटणं लावली, दुपारच्या गोळ्या मोजून बशीत ठेवल्या आणि बसच्या रांगेपर्यंत त्यांना सोडून त्या तिसऱ्या फेरीच्या माणसांत जाऊन उभ्या राहिल्या.

वाट चिखलाची होती. बाराजण होते. मचाणावर पोचल्यावर तासभर काहीच घडलं नाही. ओढ्यात मेलेल्या माशांचा वास भरला होता. दोघंतिघं कुरकुरायला लागले. सिस्टर कठड्याला धरून उभ्या होत्या. त्या सारखी त्या कारकुनाची आठवण काढत होत्या, आणि त्याचा चेहरा काही केल्या पुरता आठवत नव्हता.

मग शेजारच्या बाईने त्यांच्या कोपराला हळूच स्पर्श केला. पलीकडच्या काठावर झुडूप हललं आणि एक मादी बाहेर आली. थोराड, मागच्या पायाने किंचित लंगडणारी, पाठीवरचे केस झडलेले. ती पाण्यात उतरली, दोनदा तिचा पंजा रिकामा गेला, तिसऱ्यांदा मासा दातांत आला. काठावरच्या खडकावर बसून तिने तो सावकाश खाल्ला. मचाणाकडे एकदासुद्धा बघितलं नाही. बारा माणसं श्वास रोखून उभी आहेत याची तिला काही पडलेली नव्हती. खाऊन झाल्यावर ती जरा वेळ तशीच बसली आणि आली तशी निघून गेली.

"तुमचा फोटो काढू का, मागे ओढा येईल असा?" शेजारच्या बाईने विचारलं.

"नको," सिस्टर म्हणाल्या.

त्या परत आल्या तेव्हा हेडक्लार्क केबिनमध्येच होते. बसमध्ये चढलेच नव्हते. गोळ्या बशीत तशाच होत्या.

"दिसलं?" त्यांनी विचारलं.

सिस्टरांनी बूट काढले, एकावर एक आपटून चिखल झाडला.

"नाही."

"म्हटलं नव्हतं मी? उगाच पायपीट." त्यांचा चेहरा एकदम खुलला. गोळ्या त्यांनी आपणहून घेतल्या.

जेवणाला त्यांच्या टेबलावर एक जोडपं येऊन बसलं. त्यातली बाई सकाळची, मचाणावरची. सिस्टरांना बघून ती हसली आणि काही बोलणार, तोवर हेडक्लार्कांनी सुरुवात केली. हिचा अस्वलासाठी कसा हट्ट, सकाळी कशी तरातरा निघून गेली, आणि अखेर कशी हात हलवत परत आली, हे त्यांनी रंगवून सांगितलं. "दोन तास उभी राहिली, आणि अस्वलाचा पत्ता नाही."

त्या बाईने सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर चमच्याने सूप ढवळत होत्या. त्यांनी नजर वर केली नाही.

"हो," ती बाई सावकाश म्हणाली. "आज कुणालाच नाही दिसलं."

तिने पावाची टोपली पुढे केली. सिस्टरांनी एक तुकडा घेतला, त्याला कडेपर्यंत लोणी लावलं आणि तो यजमानांच्या बशीत ठेवला.