सोमवारी विकलेले कापड

पेठेत सोमवारी दुकाने बंद ठेवायची, हा नियम आम्हांला नवा होता. कायदा अठ्ठेचाळीस सालचा. बारामतीच्या आमच्या गल्लीपर्यंत पोचायला त्याला वेळ लागला. पण पोचला तो इन्स्पेक्टर घेऊनच. पुढच्या फळ्या लावून मागच्या दाराने माल विकणाऱ्यांना तो पकडत असे आणि त्यासाठी गिऱ्हाईक म्हणून आपलाच माणूस पाठवत असे, असे सगळे म्हणत. कापडाचे दुकान चालवणारे माझे आबाजीमामा असेच सापडले होते. एक बाई मुलीच्या साखरपुड्याचे म्हणून खण घेऊन गेली आणि आठवड्याच्या आत मामांवर खटला झाला. ती बाई त्यानंतर पेठेत कुणाला दिसली नाही.

दंडाची मामांना पर्वा नव्हती. कंट्रोलच्या, म्हणजे सरकारने भाव बांधून दिलेल्या, कापडाचा परवाना त्यांच्या नावावर होता आणि दुकान त्याच्यावरच चाले. पुन्हा शिक्षा झाली तर परवाना राहायचा नाही, असे मोहनराव वकिलांनी त्यांना बजावले होते. मी नुकताच रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो. नोकरी लागेपर्यंत मामांकडे राहत होतो आणि सोमवारी मागच्या दारावर नजर ठेवण्याचे काम मी आपण होऊन घेतले होते.

त्या सोमवारी दुपारी कडी वाजली. दारात पस्तिशीचा एक माणूस उभा होता. खांद्यावर टॉवेल, पायात कोऱ्या वहाणा.

"शेट हायेत का? मयताला कापड पायजे. पांढरं."

"दुकान बंद आहे," मी म्हणालो.

"ठावं हाय. म्हनून तर मागनं आलो."

हे उत्तर मला आवडले नाही. मी त्याचे नावगाव विचारले. कुंडलिक, लासुर्ण्याचा. सकाळी त्याची विधवा आत्या दगडाबाई वारली होती. इंदापूरला दिलेल्या तिच्या लेकीला आणायला तो ट्रकने गेला होता.

"मग कापड इंदापूरलाच का नाही घेतलं?"

"तितं कुनी दार उघडंना. लेकीला गावात सोडली आन् त्याच ट्रकनं हितं आलो."

"आणि तुमच्या गावात?"

"गावातल्या दुकानात रंगीत लुगडी हायेत. रांडमुंड बाईला हिरवं नेसवू का?" तो माझ्याकडे पाहत राहिला. "तुमी पोलीसपाटील हाय व्हय?"

त्याचे डोळे कोरडे होते. बोलताना त्याने दोनदा गल्लीच्या तोंडाकडे पाहिले. मी दार लोटून आत गेलो आणि मामांना म्हणालो, "हा इन्स्पेक्टरचा माणूस आहे. रडलेला दिसत नाही, आणि वहाणा कोऱ्या आहेत."

मामा बैठकीवरून उठले. "आत्या मेली म्हणून जुन्या वहाणा घालायच्या का?"

"मामा, परवाना जाईल."

"तो खोटा असला तर परवाना जाईल. खरा असला तर बाई तशीच पडून राहील." त्यांनी फडताळातून मांजरपाटाचा तागा काढला. "या कापडाला आजवर कुणाला नाही म्हटलं नाही. भावही सांगितला नाही कधी."

पेठेची ही रीत मला माहीत होती. मयताच्या कापडाला घासाघीस नसते. मामांनी कापड टरकावले, घडी न घालता गुंडाळले आणि स्वतः दारापाशी नेऊन दिले. कुंडलिकने कनवटीची पिशवी सोडली.

"पैसे राहू द्या," मामा म्हणाले. "तेरावं झालं की आणून द्या."

मला हायसे वाटले. पैसे नाहीत तर विक्री नाही, एवढा कायदा मलाही कळत होता. पण कुंडलिक हलला नाही.

"न्हाय शेट. पैसं आत्ताच घ्या."

"अहो, पळून जाताय का कुठं?"

"तसं न्हवं. उधारीचं कापड आमी मढ्यावर घालत न्हाय. ते रिन तिच्या मानगुटीवर बसतं."

मी मामांचा सदरा मागून ओढला. खोट्या गिऱ्हाइकाला नेमके हेच करायचे असते: काही करून पैसे दुकानदाराच्या हातात द्यायचे. आणि खऱ्या भाच्यालाही हेच करायचे असते. दोघांत फरक दाखवील असे मला काही सुचेना. मामांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग कुंडलिककडे, आणि हात पुढे केला.

कुंडलिक गल्लीच्या तोंडाशी पोचतो तोच दोन पंच घेऊन इन्स्पेक्टर पुढे आला. मी दारातून सगळे ऐकत होतो.

"कुठून आणलं?"

"आबाजीशेटकडनं."

"पैसे दिले?"

"दिलं की. फुकट कोन देतंय?"

इन्स्पेक्टरने पंचनामा केला, त्याचा अंगठा घेतला आणि त्याला कापडासकट जाऊ दिले. कापड जप्त केले नाही, याचा मी रात्रभर विचार केला. पुरावा हातचा सोडतो तो माणूस एक तर दयाळू असतो, नाही तर त्या पुराव्याची त्याला गरज नसते.

मोहनरावांनी फिर्याद वाचून मान हलवली. "साक्षीदार एवढंच म्हणाला की शेठनं कापड धर्म म्हणून दिलं, पैसे घेतले नाहीत, तर सुटाल. पंचांनी पैसे देताना पाहिलेलं नाही. असा माणूस खरोखर असेल तर त्याला गाठा."

तो असेल यावर माझा विश्वास नव्हता. खात्री करायला मी एस.टी.ने लासुर्ण्याला गेलो. स्टँडवरच्या चहावाल्याने घर दाखवले. कुंडलिक ओट्यावर बसला होता. डोक्याचे मुंडण झालेले. केसांचे खुंट नुकते उगवू लागले होते. मी ते जरा जास्तच वेळ पाहिले असावेत.

"हात लावून बगा," तो म्हणाला. "खोटं न्हाय."

मी ओशाळलो आणि कामाचे बोललो. पैसे दिले नाहीत, एवढेच सांगायचे. मामांचे दुकान वाचेल.

कुंडलिकची बायको फुलाबाई उंबऱ्यात सूप घेऊन उभी होती. तिनेच विचारले, "म्हंजी आमची आत्या उधारीच्या कापडात गेली, असं कोर्टात म्हनायचं?"

"उधारीचं नाही. धर्माचं."

"ते तर आनकी वाईट. आमी काय भिकारी हाय? तिची लेक जावयासंगं यायची हाय तारखेला. तिच्या म्होरं म्हनायचं?"

"गप गं," कुंडलिक म्हणाला. "शेटनी आपल्यासाठी दार उघडलं. इंदापुरात कुनी उघडलं?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बगतो. म्हनंन तसं."

परतीच्या गाडीत मला त्याच्या 'बगतो'चाच संशय येत राहिला.

तारखेला बारामतीच्या कोर्टात तो वेळेवर आला. सोबत फुलाबाई, आत्याची इंदापूरची ती लेक आणि जावई. सरकारी वकिलाने कापड घेतल्याचे विचारले. तो "व्हय" म्हणाला. मग मोहनराव उठले.

"मयताचं कापड. शेठनं ते असंच दिलं, पैसे न घेता. बरोबर?"

कुंडलिकने मामांकडे पाहिले. नंतर मागे, आत्याच्या लेकीकडे. तिने पदर तोंडाला लावला होता.

"शेट नगं म्हनत हुते, सायेब," तो म्हणाला. "मीच दिलं. जबरदस्तीनं दिलं. आमच्या आत्याच्या अंगावर कुनाचं देनं न्हाय."

मोहनराव खाली बसले. मॅजिस्ट्रेटने काही वेळ लिहिले आणि शिक्षा सुनावली. मामा ती उभे राहून ऐकत होते. चेहऱ्यावरून काही कळले नाही.

बाहेर लिंबाखाली कुंडलिक एकटाच थांबला होता. मामा सरळ त्याच्याकडे गेले.

"शेट, मी खोटं बोलायचं म्हनूनच घरनं निगालो हुतो."

"कळलं ते. तेरावं नीट झालं?"

"झालं."

"मग चला, चहा घेऊ. परवाना गेला, अजून चहाला कंट्रोल नाही."

कुंडलिक हसला नाही, पण निघाला. त्याच वेळी इन्स्पेक्टर कोर्टाच्या पायऱ्या उतरून आमच्या बाजूने गेला. मी थबकून दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिले. एखादी मान हलते का, डोळ्याला डोळा मिळतो का. काहीच झाले नाही. इन्स्पेक्टर सायकलवर बसून वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत मी तिथेच उभा होतो. मामांनी हॉटेलच्या दारातून मला दोनदा हाक मारली.