टोकनच्या आधीची रांग

अकरा वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढल्यावर तिने आरोग्य व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं, आणि वर्गातल्या बाविशी-तेविशीच्या पोरांनी पहिल्याच दिवशी तिला 'सिस्टर' करून टाकलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. रुग्णांच्या ये-जा करण्यावर ही पोरं तासभर बोलायची, पण त्यांच्यातल्या एकानेही उभ्या जन्मात कुणाला बेडपॅन दिलेलं नव्हतं. गटाने काही करायचं म्हटलं की माहिती गोळा करणं, आकडे तपासणं, फाइल बांधणं हे सगळं सिस्टरच्या गळ्यात, आणि समोर उभं राहून बोलायला स्लाइडशेठ. हा तिच्या गटातला मुलगा. कुठलीही गोष्ट सहा रंगीत चौकोनांत बसवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून ते नाव पडलं होतं, आणि त्याला ते कौतुकच वाटायचं.

विभागप्रमुख बाईंच्या माहितीपत्रकावर मधोमध एक गोल होता आणि त्यातून आठ बाण फुटलेले होते. रुग्णालयं, विमा कंपन्या, औषध कंपन्या, सल्लागार संस्था आणि आणखी काय काय. "संधीच संधी आहेत," बाई दर सोमवारी म्हणायच्या. सिस्टरला आठांपैकी एकच बाण हवा होता. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाच्या व्यवस्थापकाची जागा निघणार होती, ती. याच रुग्णालयात ती अकरा वर्षं घसा कोरडा करून सांगत आली होती की इथे हे चुकतंय, तिथे ते चुकतंय, आणि दर वेळी उत्तर एकच, "सिस्टर, तुम्ही तुमचं इंजेक्शन बघा." व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसल्यावर तरी ऐकतील, एवढ्याच हिशेबाने तिने नोकरी सोडली होती. दोन वर्षं नवऱ्याने पाळ्या सांभाळून स्वयंपाक केला. सासरे बसचालक म्हणून निवृत्त झालेले. ते रोज सकाळी तिचा डबा भरून, झाकण दोनदा दाबून दाराशी ठेवायचे. सगळं घर त्या एका जागेवर डोळे लावून बसलं होतं.

शेवटच्या सहा महिन्यांचं प्रशिक्षण तिने त्याच रुग्णालयात मागून घेतलं. बाह्यरुग्ण विभागात नुसता बाजार भरलेला असायचा. माणसं दारापासून खिडकीपर्यंत खेटून उभी, डॉक्टर दिसायला दोन तास. सिस्टरने पंधरा दिवस बघितलं आणि योजना मांडली. टोकनचं यंत्र फाटकापाशी होतं, ते आत खिडकीजवळ आणायचं. आत खुर्च्या तीस, तर माणसंही तीसच. खुर्ची रिकामी झाली की पुढचा आत. टोकन काढल्यापासून डॉक्टरांच्या दारापर्यंत किती वेळ गेला, ते संगणक आपोआप मोजणार. तिसऱ्या आठवड्यात आकडा आला, बावीस मिनिटं.

रुग्णालयाच्या संचालकांनी स्वतः खाली येऊन टाळ्या वाजवल्या. चार महिन्यांनी दर्जाचं मानांकन द्यायला बाहेरचे तपासनीस येणार होते, त्यांच्यासाठीच्या अर्जात पहिल्याच पानावर हा आकडा गेला. व्हरांड्यात तिला थांबवून ते म्हणाले, "मुलाखतबिलाखत होईल रीतसर. पण जागा तुमचीच धरा."

ती घरी जवळजवळ धावत आली. सासऱ्यांच्या टाचेला जखम होती, साखरेची. पंधरा दिवसांतून एकदा त्यांना त्याच विभागात ड्रेसिंगला जावं लागे. त्यानंतर ते जाऊन आले तसं तिने दारातच विचारलं, "बाबा, किती वेळ लागला?"

"तू म्हणालीस तेवढाच. वीस-बावीस मिनिटं," ते म्हणाले आणि आत जाऊन आडवे झाले.

हे तिने दुसऱ्या दिवशी संचालकांनाही सांगितलं. मोठ्या तोंडाने सांगितलं. पुढे ते आठवलं की तिला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटायचं.

महिन्याभराने त्यांच्या गोळ्या लावताना फाइलमधून टोकनची चिठ्ठी खाली पडली. परवाच्या ड्रेसिंगची. वेळ छापलेली होती, दहा वाजून बारा मिनिटं. सासरे त्या दिवशी घरातून साडेसातला निघाले होते. बसला वीस मिनिटं लागतात. तिने मनात वजाबाकी केली, पुन्हा केली, आणि चिठ्ठी घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, मधले दोन तास कुठे होतात?"

"असाच फिरत होतो जरा."

"या पायाने?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. पस्तीस वर्षं बस चालवली, कधी एक थांबा चुकवला नाही, असा माणूस. त्यांना खोटं बोलायची सवयच नव्हती, त्यामुळे बोलले की लगेच पकडले जायचे. तिने खाली बसून पट्टी सोडली. टाच लाल होऊन टरारली होती.

"पायऱ्यांवर बसलो होतो," शेवटी ते म्हणाले. "सगळेच बसतात. जागा नसली की उभे राहतात. तू इतकी खूश होतीस, त्यात मी कशाला बोलू?"

"मी खूश राहावं म्हणून तुम्ही पाय सडवून घेणार होतात?"

ती त्यांच्यावर ओरडली, नवऱ्यावर ओरडली, आणि मग मोरीत जाऊन हात धूत राहिली. हात स्वच्छच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती रुग्णालयाच्या पुढच्या फाटकाशी गेली आणि तिच्या लक्षात आलं की आपण इथे पहिल्यांदाच उभ्या आहोत. अकरा वर्षं नर्स आणि पाच महिने प्रशिक्षणार्थी, पण कर्मचाऱ्यांचं दार मागच्या गल्लीत. ती कायम मागून आली, मागून गेली. आतली गर्दी दिसेनाशी झाली तेव्हा ती कमी झाली असं तिने धरून चाललं. गर्दी कुठे गेली, हे बघायला पुढे यायचं तिला सुचलंच नाही. आणि म्हणे व्यवस्थापन.

गर्दी इथे होती. पायऱ्यांपासून भिंतीच्या कडेने कोपऱ्यापर्यंत. ज्यांना उभं राहवत नव्हतं त्यांनी आपल्या जागी पिशवी, छत्री, क्ष-किरणांचं पाकीट ठेवलं होतं आणि ते समोरच्या बंद दुकानाच्या ओट्यावर टेकले होते. एक बाई पोटाला हात लावून पायरीवर बसली होती आणि दर पाच मिनिटांनी अर्धी पायरी वर सरकत होती. डोक्यावर छप्पर नाही, पंखा नाही, पाणी नाही. दारात पहारेकरी. त्याला सगळे शिट्टी म्हणायचे, कारण तो तोंडाने कमी आणि शिट्टीने जास्त बोलायचा.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

शिट्टीने तोंडातली शिट्टी काढली. "तुमचाच नियम, मॅडम. खुर्ची रिकामी झाली की एक आत."

"आणि मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही कधी विचारलं? संचालकसाहेबांना मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. ते म्हणाले, फाटकाबाहेरचं बाहेर."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिने आरडाओरडा केला नाही, कारण अकरा वर्षांत आरडाओरडा करून काय होतं ते तिने बघितलं होतं. लागोपाठ पाच दिवस सकाळी ती त्या रांगेत फिरली. येणाऱ्याच्या हातात कागदाचा कपटा द्यायची, वर त्याची यायची वेळ. आत खिडकीपाशी तो परत घ्यायची. पाचशे बारा कपटे जमले. टोकनच्या आधी सरासरी एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं, टोकननंतर बावीस. योजनेच्या आधी सगळं मिळून लागायचे दोन तास पाच मिनिटं. म्हणजे तिच्या हुशारीने लोकांची पाच मिनिटं वाढली होती, आणि आधी निदान सगळा वेळ सावलीत जायचा.

कपट्यांची पिशवी तिने संचालकांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पिशवीत डोकावूनही बघितलं नाही.

"बसा. पाणी घ्या," ते म्हणाले. "तुम्ही मन लावून काम करता, म्हणून तर तुम्ही हव्या आहात. पण अर्ज गेलाय. आता बावीसचे एकशे तीस केले तर काय होईल, तुम्हीच सांगा."

"खरं होईल."

"खरं बावीसच आहे. टोकन ते डॉक्टर. व्याख्या स्पष्ट लिहिली आहे, तुमच्याच अहवालात. एक तारखेला रुजू व्हा, आणि बाहेरच्या रांगेचं काम तुमचं पहिलं काम म्हणून घ्या. मी अडवणार नाही."

हे त्यांनी इतकं समजूतदारपणे सांगितलं की क्षणभर ती हो म्हणणारच होती. एक तारीख. पंधरा दिवसांचा तर प्रश्न. मग तिने विचारलं, "तपासनीस येऊन गेल्यावर, ना?"

"अर्थातच," संचालक म्हणाले, आणि तिला कळलं की ते काम कधीच होणार नाही.

शेवटच्या सादरीकरणाला पुढच्या रांगेत नोकरी देणारे बसले होते. आठही बाण ओळीने, कोटबिट घालून. मधोमध संचालक. विभागप्रमुख बाईंनी तिची ओळख 'आपल्या बावीस मिनिटांच्या सिस्टर' अशी करून दिली. सिस्टर उभी राहिली आणि तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं की बावीस हा आकडा चुकीचा आहे, चूक तिची स्वतःची आहे, आणि ती चूक रुग्णालयाला माहीत असूनही चालू आहे. मग कपट्यांचे आकडे सांगितले. सासऱ्यांच्या टाचेबद्दल काही सांगितलं नाही. ती कुणाची कीव मागायला आली नव्हती.

विमा कंपनीवाले आपला फोन बघत होते.

संचालक बसल्या जागेवरून म्हणाले, "आवाराबाहेरची माहिती गोळा करायला विद्यार्थ्याला परवानगी होती का, बाई?" बाई घाईघाईने म्हणाल्या की नव्हती. "मग हा अहवाल होत नाही, ही तक्रार झाली," ते हसून म्हणाले. "सिस्टर, तुमची तळमळ मोठी आहे. व्यवस्थापकाला थोडं वरून बघावं लागतं, ते सगळ्यांना जमत नाही. वाईट वाटून घेऊ नका. नर्सची जागा आमच्याकडे कायम रिकामी असते."

आता मात्र सगळे हसले. स्लाइडशेठही हसला. त्याने तिच्यानंतर उभं राहून तीच योजना सहा चौकोनांत दाखवली, गटाचं काम म्हणून, आणि व्यवस्थापकाची जागा त्याला मिळाली.

घरी नवरा म्हणाला, "विमा कंपनीत अर्ज कर. सल्लागारांकडे कर. दोन वर्षं शिकलीस ती काय फुकट घालवायचीत?" सासरे आपल्याच पायाला जबाबदार धरल्यासारखे त्याच्याकडे बघत बसले होते. ते बघून तिचा राग पुन्हा पेटला, आणि या वेळी तो नीट जागेवर गेला. तिने अर्ज केला. मोठ्या रुग्णालयात, बाह्यरुग्ण विभागात, ड्रेसिंगच्या खोलीत, नर्स म्हणून. जागा खरोखरच रिकामी होती. संचालकांनी हसत सही केली असणार.

खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला ती पट्टी सोडता सोडता विचारायची, "फाटकाशी किती वाजता आलात?" आणि केसपेपरवर, नर्सच्या नोंदीच्या जागी, निळ्या शाईने पहिली ओळ लिहायची. रुग्ण फाटकाशी सात पन्नास. टोकन दहा बारा. डॉक्टर दहा पस्तीस. पायावर सूज आहे, बराच वेळ उभे होते असं सांगतात. खाली सही, वेळ. दिवसाला चाळीस-पन्नास केसपेपर. दुसऱ्या खोल्यांतल्या दोघी नर्सनीही लिहायला सुरुवात केली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात संचालकांनी तिला वर बोलावलं. टेबलावर केसपेपरांचा गठ्ठा होता, आणि बाजूला स्लाइडशेठ नवा कोट घालून उभा. तपासनीस सोमवारी येणार होते, आणि ते कुठलेही शंभर केसपेपर काढून वाचतात, हे तिघांनाही ठाऊक होतं. वर्गातच शिकवलं होतं.

"हे लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं?" संचालकांनी विचारलं. आज पाणी घ्या म्हणाले नाहीत.

"रुग्णाने सांगितलेलं आणि मी बघितलेलं लिहायचं, असं नर्सच्या नियमात आहे."

"त्या फॉर्ममध्ये तसा रकाना नाहीये, सिस्टर," स्लाइडशेठ पुटपुटला.

"तू गप्प राहा," ती म्हणाली. तो गप्प राहिला.

"हे काढून टाका," संचालक म्हणाले.

"केसपेपरवरचं काढता येत नाही. खोडता येतं. त्याचीही पद्धत आहे. पुसायचं नाही, गिरगटायचं नाही. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी कारण लिहायचं, आणि जो खोडेल त्याने सही करायची." तिने एप्रनच्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि गठ्ठ्यावर ठेवलं. "हे अकराशे आहेत. खाली माझ्या खोलीत आणखी आहेत. करा सही."

संचालकांनी पेनाकडे बघितलं, मग स्लाइडशेठकडे बघितलं. स्लाइडशेठने दोन्ही हात मागे नेले.

"मी दहा मिनिटं थांबते," सिस्टर म्हणाली आणि विचारल्याशिवाय खुर्ची ओढून बसली. "मला थांबायची सवय नाही, पण शिकेन."