कोळशाची दुसरी थैली

सिंधूताईंनी जाळीची थैली पुन्हा बादलीत बुडवली, तरी कोळशाचं काळं सुटता सुटेना. पाणी नितळ निघाल्याशिवाय थैली टाकीत घालायची नाही, असं मासेवाल्या कय्यूमनं बजावलं होतं. तो स्वतः फिल्टर उघडून स्पंज पिळत बसला होता.

बोंडअळीनं उभी कपाशी पोखरली, त्या हंगामात सिंधूताईंच्या नवऱ्याला, गुलाबरावांना, शेतातून उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. माणूस वाचला, बोलणं मात्र तिथंच राहिलं. मग लेकीनं, पायलनं, आईबापांना बुलढाण्यात आपल्याकडे आणलं आणि बापाचं मन रमावं म्हणून ही माशांची टाकीही. घरात खोकल्याचं सिरप असे, तापाची गोळी असे. औषध हा शब्द मात्र कुणी तोंडातून काढत नसे. वऱ्हाडात फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात. गुलाबरावांनी घेतलं होतं ते तेच.

कय्यूमला हे काय ठाऊक! माशांना बुरशी लागली तेव्हा त्यानंच इलाज केला होता.

"मासे बरे झाले, काकू. आता पाण्यात राह्यलेलं औषध काढा लागते. हा कोळसा सारं औषध ओढून घेते."

सिंधूताईंचा हात बादलीतच थांबला. शब्दाला घरात शिरायला दार थोडंच लागतं.

गुलाबराव खाटेवरून उठले. बादलीपाशी उकिडवे बसून त्यांनी थैली हातात घेतली आणि चोळू लागले. काळ्या झालेल्या बोटांकडे पाहत कितीतरी दिवसांनी बोलले,

"मलेबी दवाखान्यात हेच पाजलं होतं. नळीनं."

कय्यूम काय ते समजला. मान खाली घालून त्यानं थैली स्पंजामागे बसवली, फिल्टर सुरू केला.

"किती दिस चालते हा?" गुलाबरावांनी विचारलं.

"महिनाभर, काका. मंग त्याच्यात दम नाही राहत. बदलाच लागते."

"तरीच. माह्यातला तं कवाचाच सरला," गुलाबराव म्हणाले आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

कय्यूम निघाला तशा सिंधूताई मागोमाग दारापर्यंत गेल्या आणि हळू आवाजात आणखी एक थैली मागितली.

"आत्ताच काऊन, काकू? टाकीले एक लय झाली."

"असू दे, भाऊ. मले लागते."

त्यानं दिलेली थैली त्यांनी टाकीखालच्या फळीवर ठेवली नाही. आपल्या उशीखाली ठेवली.