वहीत नसलेला ठराव

गावातल्या ख्रिस्ती मंडळीला शंभर वर्षं होणार म्हणून तिचा इतिहास लिहायचं काम निवृत्त मास्तरीणबाईंच्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, त्यांनी ते मागून घेतलं होतं. साठ-सत्तर माणसांची मंडळी, तिचा इतिहास तो केवढा? पण बाईंना त्यात एकच गोष्ट हवी होती. त्यांच्या बाबांना बावीस वर्षं प्रभुभोजनाला, येशूच्या आठवणीत एका मेजावर भाकर वाटून घ्यायच्या विधीला, बसू दिलं नव्हतं, तो ठराव. कुणी केला, कशासाठी केला, सगळं नावांसकट छापायचं आणि बाबांच्या माथ्यावरचा डाग पुसायचा.

सभांच्या वह्या त्यांनी डोळ्यांत तेल घालून वाचल्या. छपराची गळती, पाळकांच्या रजा, उपासनेत पेटी घ्यावी की नुसत्या गळ्याने स्तोत्रं गावीत यावरची तीन वर्षांची भांडणं, सगळं होतं. ठराव तेवढा नव्हता. वह्यांच्या कपाटाची किल्ली शिंपीकाकांकडे, चाळीस वर्षं ते मंडळीचे ज्येष्ठ, म्हणजे निवडलेले कारभारी. विचारलं की म्हणत, "जे आहे ते वहीत आहे," आणि सुईत दोरा ओवायला लागत. बाईंनी पानं मोजली, वहीची शिवण बोटाने चाचपली. उसवून पुन्हा शिवणं हा तर शिंप्याच्या हातचा मळ. नक्की इथेच पाणी मुरत होतं.

प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात ज्येष्ठांनी घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारायचा, ही तिथली रीत. शिंपीकाका आले, खुर्चीच्या कडेवर टेकले.

"कोणाविषयी मनात अढी आहे का?"

"आहे. तुमच्याविषयी," बाई म्हणाल्या. "बाबांवरचा ठराव तुम्ही गायब केलात."

काकांनी चष्मा काढला. "ठराव झालाच नाही गं. दर तीन महिन्यांनी मी इथेच बसून त्याला हे विचारायचो, आणि तो म्हणायचा, आहे. मनात अढी ठेवून भाकरीला हात लावायचा नाही, म्हणून तो आपणहून मागे राहायचा. कुणी अडवलं नव्हतं त्याला."

"अढी कोणाविषयी?"

"माझ्याविषयी. स्तोत्रं तो सुरू करून द्यायचा. माझ्या एका मताने पेटी आली आणि त्याचं काम गेलं."

बाईंना बाबांचाच राग आला. एका पेटीपायी बावीस वर्षं! पण शंकेखोर स्वभाव तिथे थांबेना.

"आणि तुम्ही, काका? तुम्ही तर दर वेळी मेजाला बसत होतात."

"हो."

"तुम्हाला हा प्रश्न कोण विचारायचं?"

"ज्येष्ठाला कोण विचारणार?"

"मी विचारते. बाबांविषयी तुमच्या मनात काही होतं?"

शिंपीकाकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"अजून आहे," ते म्हणाले. "शेवटच्या आजारातसुद्धा त्याने मला दारातूनच 'आहे' म्हणून परत पाठवलं. त्या रविवारीही मी भाकर घेतली."

बाईंनी कागद आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं. तोंडी बोलण्यावर त्यांचा आता विश्वास उरला नव्हता.

"लिहून द्या," त्या म्हणाल्या.

काकांनी पेन घेतलं. त्यांनी आधी स्वतःचं नाव लिहिलं.