आठ शुक्रवार, एका दुपारी

जयदेव सरांनी शुक्रवारच्या बैठकांचं वेळापत्रक चार रंगांत काढलं, लॅमिनेट केलं आणि ऑफिसच्या दारावर टांगलं, तेव्हाच पाचवी शिकवणाऱ्या शलाकाला कळायला हवं होतं की आता या कामाचं वाटोळं होणार. त्या शाळेत जे लॅमिनेट झालं ते पुढं कुणी केलं, असं कधी घडलेलं नव्हतं. हात धुण्याचे सात नियम लॅमिनेट केलेले होते आणि त्यांच्या बरोबर खालचा नळ दोन वर्षं मोडून पडला होता.

वरून आलेलं पत्र मात्र चांगलं होतं, खोटं कशाला बोला. वाचनात मागं पडलेल्या मुलांना जादा तास द्या, आणि त्यांचं काय चाललंय ते सगळ्या शिक्षकांनी दर शुक्रवारी वीस मिनिटं बसून बघा. कुणाला काय आलं, काय अडलं, पुढच्या आठवड्यात कोण काय करणार. कुणीतरी शहाण्या माणसानं लिहिलेलं पत्र होतं. पण ते येऊन पडलं जयदेव सरांच्या टेबलावर.

‘‘वीकली चेक-इन,’’ सर म्हणाले. मुख्याध्यापक झाल्यापासून त्यांना साधं ‘बैठक’ म्हणवत नसे. ‘‘एकही शुक्रवार चुकता कामा नये.’’

पहिल्या शुक्रवारी वडापाव मागवायचा की समोसे, यात वीस मिनिटं गेली. दुसऱ्या शुक्रवारी सरांना फोन आला आणि ते बोलत बोलत जे बाहेर गेले ते सोमवारी उगवले. तिसऱ्या शुक्रवारी कुणी आलंच नाही. शलाका एकटी रजिस्टर उघडून बसली होती, कारण तिला खरंच विचारायचं होतं. आवडीचं काय करू, हे.

आवडी पाचवीतली. बारवी धरणाच्या बाजूच्या डोंगरपाड्यावरून चालत येणारी, डोळ्यांत हुशारी मावत नसलेली पोर. कान इतका तिखट की धडा एकदा ऐकला की अख्खा घडाघडा म्हणून दाखवायची, पुस्तकावर बोट फिरवत. बघणाऱ्याला वाटावं वाचतेय. पण बोट एका ओळीवर आणि आवाज दुसऱ्या. अक्षरं ओळखायची, काना-मात्रा लागला की अडायची. शलाका रोज चौथ्या तासाला तिला शेजारी घेऊन बसे. बाप नवसू जूनमध्येच सांगून गेला होता, ‘‘बाय, पोरीला कागद वाचता आला पायजे. घरात कागद येतात, वाचणारं कोन नाय. दुकानदार वाचून देतो, पन आमच्या आधी सगल्या बाजाराला सांगतो.’’

बाकी काही मागणं नव्हतं त्याचं. ना बक्षीस, ना पहिला नंबर.

गणपतीच्या सुट्टीआधी सरांनी सगळ्यांना बोलावलं. ‘‘पुढं गणपती, नवरात्र, परीक्षा. शुक्रवार मिळतात कुठं? आजच उरलेले आठही चेक-इन उरकून टाकू. फोटो काढून ठेवायचे, क्लार्क दर आठवड्याला एकेक चढवील.’’

आणि घोडं गंगेत न्हायला निघालं. फळ्यावर ‘आढावा बैठक क्रमांक चार’ लिहिलं, तारीख टाकली, फोटो. पुसलं, पाच लिहिलं, पुढची तारीख, फोटो. दर फोटोत दिवस वेगळा दिसावा म्हणून सहशिक्षिका सुषमाबाई घरून चार ओढण्या आणि एक शाल घेऊन आल्या होत्या. तेवढी तयारी त्यांनी आयुष्यात एका तासाची केली नसेल. ‘‘चल ना यार शलाका, तू इधर बैठ, मागच्या फोटोत तिथंच होतीस,’’ असं म्हणत त्या खुर्च्या बदलवत होत्या. पाच बैठका झाल्यावर सरांच्या लक्षात आलं की भिंतीवरचं घड्याळ प्रत्येक फोटोत आहे. मग घड्याळ उतरवून सगळं पहिल्यापासून. शिकवण्यात अशी चिकाटी दाखवली असती तर एव्हाना पाड्यावरची कोंबडीसुद्धा वाचायला लागली असती.

शलाका तुच्छतेनं बघत होती. शहरातल्या कॅम्प चारमध्ये तिच्या खोलीखाली जीन्स शिवणारा कारागीर राहतो, तोसुद्धा फिटिंग बघितल्याशिवाय पँट झाली म्हणत नाही. हे ती मनात म्हणाली. तोंडानं काही नाही.

‘‘रजिस्टर तुम्ही लिहा,’’ सर म्हणाले. ‘‘तुमचं अक्षर मोत्यासारखं.’’

तिनं लिहिलं. म्हणजे बघा, नाक मुरडत लिहिलं, पण लिहिलं. आठ बैठका, तर प्रगतीही आठ ठिकाणी वाटून द्यावी लागणार. चौथ्या बैठकीत आवडीला काना येतो. सहाव्यात शब्द वाचते. नवव्यात छोटं वाक्य. हळूहळू तिला त्यात गोडीही लागली, हे तिनं पुढं कुणाला सांगितलं नाही. अकराव्या बैठकीत तिनं लिहिलं, ‘आवडी उतारा अस्खलित वाचते.’ खऱ्या आवडीला त्या दिवशी ‘पाणी’ हा शब्दही लागत नव्हता.

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, इथवर ठीक होतं. कुणाचं पोट बिघडलं नसतं. पण क्लार्कनं शुक्रवार येण्याची वाट न बघता आठच्या आठ बैठका एकदम चढवल्या. सुट्टीनंतर वरून यादी आली, त्यात लिहिलेलं, आवडी, वाचन साध्य, जादा तास बंद. सरांनी चौथ्या तासाला शलाकाला ऑनलाइन माहिती भरायला बसवलं.

‘‘सर, तिला अजून येत नाही,’’ शलाका म्हणाली.

‘‘कोण म्हणतं?’’

‘‘मी म्हणते. मी शिकवते तिला.’’

सरांनी रजिस्टर उघडून अकरावी बैठक तिच्यापुढं सरकवली. ‘‘हे कोणाचं अक्षर?’’

तिनं रजिस्टर मिटलं. वर सरांनी ‘अस्खलित वाचना’ची प्रशस्तिपत्रकंही तिलाच लिहायला दिली, आणि तीही तिनं लिहिली. प्रार्थनेच्या वेळी आवडीला पुढं बोलावून टाळ्या वाजवल्या. नवसूला बोलावून ते प्रशस्तिपत्रक त्याच्या हातात दिलं. पोरगी आधी गोंधळली, मग हसली. एवढी मोठी माणसं म्हणतात म्हणजे येतच असेल, असं तिला वाटलं असावं.

दिवाळीच्या सुट्टीआधी एका गुरुवारी नवसू शाळेत आला. टोपलीत करांद्याचे कंद, काखेत प्लॅस्टिकची पिशवी, मागं आवडी. ‘‘पोरीनं घरात कागद वाचला, बाय! गेल्या शुक्रवारी आला, तिनं लगेच वाचून दावला. दुकानदाराकडं गेलोच नाय.’’ त्याच्या तोंडावरून आनंद ओसंडत होता.

सर खुर्चीतून उठले. असा फोटो त्यांना विकत मिळाला नसता. ‘‘सुषमाबाई, मोबाईल! आवडी, बेटा, इथं उभी राहा. बाबांना परत वाचून दाखव.’’

आवडीनं कागदावर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात सुरू झाली, ‘‘नवसू यांना कळविण्यात येते की, तुमचा अर्ज मिळाला. तुमची जमीन चांगली आहे. काळजी करू नये. पुढच्या वर्षी आम्ही येऊ.’’ कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, सगळं बरोबर. प्रार्थनेनंतर सर सूचना वाचतात, अगदी तसंच.

सुषमाबाई फोटो काढत होत्या. शलाका आवडीच्या मागं उभी होती आणि तिला कागद दिसत होता. डोंगरउतारावर नवसू कसत असलेली जंगलजमीन त्याच्या नावावर करण्याच्या दाव्याची मोजणी, मंगळवारी सकाळी अकराला. दावेदारानं जागेवर हजर राहावं. गैरहजर राहिल्यास दाव्याचा विचार होणार नाही.

मंगळवार परवाच गेला होता.

तिला गप्प राहता आलं असतं. गप्प राहण्यात तिचा हात धरणारं त्या शाळेत कुणी उरलं नव्हतं. पण बापाचा तो चेहरा तिला बघवेना. तिनं कागद घेतला आणि खरं काय लिहिलं होतं ते वाचलं. सर मध्येच ‘‘शलाकाबाई, नंतर बघू,’’ म्हणाले, तरी शेवटपर्यंत वाचलं.

नवसूला कळायला जरा वेळ लागला. मग तो खाली बसला.

‘‘मंगळवारी मी करांदे खणत होतो,’’ तो म्हणाला. ‘‘थयंच, जागेच्या वरच्या अंगाला. माणसं आलेली दिसली. मना वाटलं, दुसऱ्या कोनाची असतील.’’ मग पोरीकडं वळला. ‘‘तू काय वाचलंस गो?’’

आवडी रडवेली झाली होती. ‘‘मना येतं ना वाचाया,’’ ती म्हणाली. ‘‘बाईंनीच लिवलंय.’’

सर म्हणाले, आपण एक अर्ज करू. सुषमाबाईंनी मोबाईल पर्समध्ये टाकला. नवसूनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. त्यानं पिशवीतून दुसरा कागद काढला, घडी न पडता जपून ठेवलेला, आणि शलाकापुढं धरला.

‘‘ह्यात काय लिवलंय बाय, ते बी एकदा खरं वाचून दाव.’’

ते प्रशस्तिपत्रक होतं. शलाकानं ते घेतलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. अक्षर मोत्यासारखं होतं, तिचंच होतं, कुठंही अडखळावं लागलं नाही.